दोन युरोच्या नाण्यावरचा साधू आणि शेजारच्या काकूंची दोन नावं

गोकर्ण

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो सुरू झाला. मला सोफियात येऊन आता सहा वर्षं होतील. जानेवारीभर दुकानांत लेव्ह (इथलं जुनं चलन) आणि युरो दोन्ही चालत होते, मग लेव्ह गेला. परवा झेन्स्की पाझारमध्ये (इथला जुना भाजीबाजार) मिरच्या घेतल्या, तेव्हा सुट्ट्या पैशांत दोन युरोचं कोरं बल्गेरियन नाणं हातात आलं.

नाण्यावर दाढीवाला एक साधू आहे, पाइसी हिलेन्दार्स्की. कडेवर बारीक सिरिलिक अक्षरांत 'बोझे, पाझी ब्ल्गारिया', म्हणजे 'देवा, बल्गेरियाला सांभाळ'. एक युरोवर रिला मठाचा संत इव्हान, आणि सगळ्या सेंटांवर मादाराच्या कड्यात कोरलेला घोडेस्वार. लेव्हच्या नाण्यांवरही हेच तिघे होते. चलन बदललं, पण ही मंडळी जागची हलली नाहीत. दहा लेव्हच्या नोटेवर तर पेतर बेरोन हा डॉक्टर होता, ज्यानं १८२४ साली मुलांसाठी पहिली बाराखडी-वाचनमाला छापली. तिच्यात माशाचं चित्र होतं म्हणून लोक तिला 'माशाची अंकलिपी' म्हणू लागले.

इतक्या लढाया झालेल्या देशानं खिशातल्या नाण्यावर साधू आणि नोटेवर अंकलिपीवाला का ठेवावा? याचं उत्तर शोधता शोधता मी बरंच वाचलं, इथल्या लोकांशी बोलले. ते इथे मांडते.

पाइसी अठराव्या शतकात आथोस पर्वतावरच्या मठात राहत होता. बल्गेरियन राज्य त्याआधी साडेतीन शतकांपूर्वीच संपलेलं. तर्नोवो १३९३ ला पडलं, विदिन १३९६ ला, आणि नंतर सगळा मुलूख उस्मानी सुलतानाचा. उस्मानी राज्यात माणसांची मोजदाद धर्मावरून व्हायची. सगळे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एकाच खात्यात, 'रूम' नावाच्या. त्यांचा प्रमुख इस्तंबूलचा पॅट्रिआर्क, तो ग्रीक. चर्चमधली भाषा ग्रीक, शहरातल्या व्यापाऱ्यांची भाषा ग्रीक, शिकलेला माणूस म्हणजे ग्रीक बोलणारा. बल्गेरियन म्हणजे नांगर हाकणारा, मेंढरं राखणारा. खेड्यातून शहरात येऊन चार पैसे मिळवले की माणूस आपोआप ग्रीक व्हायचा. त्यासाठी कुणी जबरदस्ती करत नव्हतं. लाज वाटायची, एवढंच.

मठातले सर्ब आणि ग्रीक साधू 'तुमचा इतिहास तरी आहे का?' म्हणून डिवचायचे, असं पाइसीनंच लिहून ठेवलंय. त्यावर त्यानं १७६२ मध्ये स्लाव-बल्गेरियन लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. पातळसं हस्तलिखित आहे. त्यात राजांच्या यादीत चुका आहेत, अभिमान भरमसाट आहे. पण त्यातलं एक वाक्य इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असतं. 'अरे अविचारी मूढा, स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायला का लाजतोस?'

पुस्तक तेव्हा छापलं गेलं नाही. साधू ते झोळीत घालून गावोगाव फिरला. १७६५ मध्ये कोतेल गावात सोफ्रोनी नावाच्या धर्मगुरूनं त्याची नक्कल उतरवून घेतली, आणि मग नकलेवरून नक्कल होत राहिली. १८३५ ला गाब्रोव्होत बल्गेरियन भाषेतली पहिली नव्या धर्तीची शाळा निघाली. तिच्यासाठी पैसा उभा करणारा वासिल अप्रिलोव्ह हा ओदेसातला व्यापारी. तो स्वतः तरुणपणी ग्रीक पक्षाचा होता, मोठेपणी बल्गेरियन झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. राष्ट्र म्हणजे रक्तात आलेली वस्तू असती, तर तो आधी दुसरा कोणी आणि नंतर बल्गेरियन कसा झाला असता?

आणि मग १८६० चा ईस्टर. इस्तंबूलमधल्या बल्गेरियन चर्चमध्ये प्रार्थना चाललेली, आणि इलारिओन माकारिओपोल्स्की या बिशपनं पॅट्रिआर्कचं नाव उच्चारायचंच टाळलं. नियमानं ते घ्यावं लागतं. न घेणं म्हणजे 'आम्ही तुमचे नाही' असं जाहीर करणं. दहा वर्षं खटपट चालली आणि १८७० मध्ये सुलतानानं फर्मान काढून बल्गेरियन लोकांचं वेगळं धर्मपीठ मान्य केलं, त्याला एक्झार्खेट म्हणतात. फर्मानाच्या दहाव्या कलमात लिहिलं होतं की एखाद्या प्रांतातल्या दोन तृतीयांश ऑर्थोडॉक्स लोकांनी मागणी केली, तर तो प्रांतही या पीठाला जोडता येईल. १८७४ मध्ये स्कोप्ये आणि ओह्रिदमध्ये (ही दोन्ही आज उत्तर मॅसेडोनियात) असा कौल झाला, आणि दोन्ही ठिकाणच्या लोकांनी बल्गेरियन पीठ निवडलं. म्हणजे राज्य नाही, सैन्य नाही, सीमा नाही, पण 'तू कोण?' या प्रश्नाचं उत्तर हात वर करून दिलं जातंय. इस्तंबूलच्या पॅट्रिआर्कनं १८७२ मध्ये त्यांना धर्मद्रोही ठरवलं. चर्चमध्ये वंशभेद आणला, हा आरोप. तो बहिष्कार १९४५ मध्ये उठला.

राजकीय इतिहास यानंतर वेगानं धावतो. १८७६ चा एप्रिल उठाव, बातक गावातली कत्तल, तिच्या बातम्यांनी हादरलेलं इंग्लंड, १८७७-७८ चं रशिया-तुर्की युद्ध, शिपका खिंडीत रशियन आणि बल्गेरियन सैनिकांनी मिळून दिलेली झुंज. ३ मार्च १८७८ ला सान स्तेफानोचा तह झाला. त्यात डॅन्यूबपासून एजियन समुद्रापर्यंतचा, मॅसेडोनियासकट विशाल बल्गेरिया कागदावर उभा राहिला. जुलैमध्ये बर्लिन परिषदेत बड्या सत्तांनी तो कापला. उत्तरेला मांडलिक संस्थान, दक्षिणेला 'पूर्व रुमेलिया' नावाचा वेगळा प्रांत, मॅसेडोनिया परत सुलतानाकडे. जेमतेम चार महिने टिकलेला तो नकाशा पुढची पासष्ट-सत्तर वर्षं या लोकांच्या मनातून गेला नाही. आजही राष्ट्रीय दिन ३ मार्च हाच, म्हणजे कधीच अंमलात न आलेल्या तहाचा.

आता मी हे सगळं का लिहितेय. माझ्या मजल्यावर एक काकू राहतात, सत्तरीच्या, दक्षिण बल्गेरियातल्या कर्जालीकडच्या तुर्क. माझ्याशी बल्गेरियनमध्ये बोलतात, बहिणीशी फोनवर तुर्कीत. ते नाणं त्यांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, 'हे म्हणतात नावाची लाज धरू नको. माझं नाव तर यांच्याच नातवंडांनी काढून घेतलं होतं.' १९८५ च्या हिवाळ्यात.

लाजेच्या विरुद्ध उभं राहून जे राष्ट्र घडलं, त्याच राष्ट्रानं शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याच लाखो माणसांची नावं सक्तीनं बदलली. माझ्या डोक्यातून हे जात नाही. जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तर दुरुस्त करावं.

---

काजवा

गोकर्णताई, दंडवत. एका बैठकीत वाचलं. एक प्रश्न: बल्गार हे मूळचे तुर्की वंशाचे भटके ना? मग तुर्कांशी एवढं वाकडं का?

---

शब्दवेडा

@काजवा, मूळ बल्गार म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मैदानातून आलेले घोडेस्वार. त्यांची भाषा तुर्की कुळातली होती असंच बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्या खानांची एक यादी सापडली आहे, तिच्यात वर्षं बारा प्राण्यांच्या चक्रानं मोजली आहेत, सापाचं वर्ष, बैलाचं वर्ष वगैरे. असपारुख खान डॅन्यूब ओलांडून आला आणि ६८१ मध्ये बायझंटाईन सम्राटाला त्याच्याशी तह करावा लागला. तिथून बल्गेरियन राज्य मोजतात. पण खाली प्रजा होती स्लाव. दोन-अडीचशे वर्षांत घोडेस्वार त्या प्रजेत विरघळले. नाव बल्गारांचं राहिलं, भाषा स्लावांची. आजच्या बल्गेरियनमध्ये मूळ बल्गारांचे शब्द अगदी मोजके आहेत. पाचशे-सातशे वर्षांनी आलेल्या उस्मानींशी त्यांचं नातं लावणं म्हणजे फार लांबून मामा काढणं आहे.

विरघळण्याची ही क्रिया पुरी झाली ती धर्म आणि लिपीमुळे. बोरिस राजानं ८६४ च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. रोमकडे जावं की कॉन्स्टँटिनोपलकडे, यावर तो बरीच वर्षं दोन्हीकडे बोलणी करत होता. त्यानं पोपला प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. पोप निकोलसनं ८६६ मध्ये दिलेली १०६ उत्तरं आज उपलब्ध आहेत. त्यात ख्रिस्ती झाल्यावर विजार घालावी की नाही, असाही प्रश्न आहे! पोपनं घालायला हरकत नाही म्हणून कळवलं. नवा धर्म घेताना माणसं किती बारीकसारीक गोष्टींत जीव अडकवून असतात हे त्यातून कळतं, आणि मला तो प्रश्न फार माणुसकीचा वाटतो.

८८६ मध्ये सिरिल आणि मेथोडियस, म्हणजे स्लाव भाषेसाठी पहिली लिपी घडवणारे दोघे भाऊ, यांचे शिष्य मोराव्हियातून हाकलले गेले. त्यांना बोरिसनं आसरा दिला. क्लिमेंट ओह्रिदकडे गेला, बाकीचे राजधानीत. प्रेस्लावमध्ये ग्रीक अक्षरांचा पाया घेऊन जी लिपी घडली ती सिरिलिक. म्हणजे रशियन लोक जी लिपी लिहितात ती बल्गेरियात घडली. रशियनांनी दिली असं इथे कुणासमोर बोलू नका, त्यांना मनापासून लागतं.

---

गोकर्ण

@शब्दवेडा, अगदी. २४ मेला इथे लिपीचा सण असतो. १८५१ मध्ये प्लोव्हदिवच्या शाळेत तो पहिल्यांदा साजरा झाला, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या सत्तावीस वर्षं आधी. शाळकरी मुलं फुलांच्या माळांनी सजवलेली अक्षरं घेऊन मिरवणुकीत चालतात. मी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. अक्षरांची पालखीच म्हणा. ३ मार्चऐवजी हाच राष्ट्रीय दिन करावा अशी मागणीही अधूनमधून होते. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आला तेव्हा सिरिलिक ही संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली. युरोच्या नोटांवर 'एव्रो' असं सिरिलिकमध्ये २०१३ पासून आहे, बल्गेरियानं युरो घ्यायच्या तेरा वर्षं आधीपासून.

---

निळी शाई

छान धागा. तुर्की शब्द बल्गेरियनमध्ये बरेच असतील ना? आपल्या फारसीसारखे?

---

शब्दवेडा

@निळी शाई, हा माझ्या आवडीचा विषय. उस्मानी तुर्कीनं फारसी-अरबी शब्द भरपूर घेतले, ते पुढे बल्गेरियनमध्ये उतरले. आपल्याकडे तेच शब्द बहमनी-आदिलशाही दरबारांतून आले. त्यामुळे दोन टोकांना एकच शब्द भेटतो. दुकानाला तिकडे 'द्युक्यान', बाजाराला 'पाझार' (गोकर्णताईंच्या मिरच्या तिथल्याच), मैदानाला 'मेगदान', दुश्मनाला 'दुश्मानिन', बक्षिसाला 'बाकशीश', खजिन्याला 'हाझना'. पाणवठ्याला, गावातल्या दगडी नळाला 'चेश्मा'. हा फारसीतला झरा.

एकोणिसाव्या शतकात तिकडेही भाषाशुद्धी झाली. इव्हान बोगोरोव्ह हा तिचा खंदा पुरस्कर्ता. त्यानं परकी शब्द काढून नवे घडवले, काही रुजले, काही लोकांना रुचले नाहीत. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याची आठवण होते. फरक असा की तिकडे राज्य यायच्या आधीच शब्दांची झाडलोट सुरू झाली.

---

रानवाट

लेख चांगला आहे, पण माझा आक्षेप आहे. तुमच्या मांडणीत सगळी लढाई ग्रीक पाद्र्यांशी आणि उस्मानी सत्ता नुसती पाठीमागचा पडदा. लहान मुलं उचलून नेऊन सैनिक केली जात, ख्रिस्ती माणसावर वेगळा कर, बातकमध्ये चर्चमध्ये लपलेली माणसं मारली गेली. लेव्हस्की, बोतेव हे क्रांतिकारक फासावर आणि गोळीला गेले ते शाळांसाठी? पाचशे वर्षांच्या जोखडाला बाजूला ठेवून बल्गेरियन अस्मिता समजणार नाही.

---

गोकर्ण

@रानवाट, आक्षेप मान्य. मी ते दोन ओळींत उरकलं, हे खरं. इथे 'जोखड' हा शब्दच वापरतात, 'इगो'. शाळेच्या अभ्यासक्रमात त्याऐवजी सौम्य शब्द येणार अशी चर्चा निघाली तेव्हा २०१६ मध्ये केवढा गदारोळ झाला. बातकचं चर्च मी पाहिलंय. आत हाडं जपून ठेवली आहेत. तिथे कुणी बोलत नाही.

पण तुम्ही लेव्हस्कीचं नाव काढलंत म्हणून सांगते. वासिल लेव्हस्की, १८३७ ला कार्लोव्होत जन्म, आधी मठात दीक्षा घेतलेला, मग झगा उतरवून क्रांतिकारक झालेला. गावोगाव गुप्त समित्या उभ्या केल्या. फेब्रुवारी १८७३ मध्ये सोफियात फाशी. या देशात सगळ्यांना मनापासून मान्य असलेला एकच माणूस असेल तर तो हा. उजवे, डावे, रशियावाले, युरोपवाले, सगळे त्याच्या स्मारकापाशी फुलं ठेवतात. आणि त्यानं काय लिहून ठेवलं? 'शुद्ध आणि पवित्र प्रजासत्ताक' हवं, आणि त्यात बल्गेरियन, तुर्क, ज्यू सगळे सर्व बाबतींत समान असतील. सुलतानाच्या फासावर जाणारा माणूस तुर्क शेजाऱ्याला समान म्हणतोय. माझं म्हणणं एवढंच की जोखड खरं होतं, आणि त्यातून बाहेर पडायची एक वाट लेव्हस्कीनं दाखवली होती. पुढच्या राज्यकर्त्यांनी ती घेतली नाही.

---

आजोबा_नाशिककर

गोकर्ण बाळ, तू १९८५ चा उल्लेख केलास आणि मला सोल ऑलिंपिक आठवलं. त्या वेळी वेटलिफ्टिंगमध्ये एक जेमतेम पाच फुटांचा खेळाडू होता, तुर्कस्तानसाठी सुवर्ण जिंकलेला. तो बल्गेरियातून पळून आलेला, असं तेव्हा वर्तमानपत्रात वाचल्याचं स्मरतं. त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे का?

---

गोकर्ण

हो आजोबा, अगदी थेट संबंध आहे. तो नईम सुलेमानओग्लू. बल्गेरियात जन्मलेला तुर्क, तिथलं त्याचं नाव नईम सुलेमानोव्ह. सरकारनं त्याचं केलं नाउम शालामानोव्ह. १९८६ च्या डिसेंबरात मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला आणि तुर्कस्तानात गेला. त्याला सोलमध्ये खेळू द्यावं म्हणून तुर्कस्ताननं बल्गेरियाला पैसे मोजले. १९८८, १९९२, १९९६ अशी तीन सुवर्णं त्यानं स्वतःच्या नावावर घेतली.

आता तो काळ नीट सांगते. कम्युनिस्ट सत्ता १९४४ पासून. तोदोर झिव्हकोव्ह १९५४ पासून पक्षाचा मुख्य. सुरुवातीला तुर्की शाळा होत्या, तुर्की वर्तमानपत्रं होती. मग हळूहळू ती बंद पडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोमाकांची, म्हणजे बल्गेरियन बोलणाऱ्या मुसलमानांची नावं बदलली. आणि डिसेंबर १९८४ मध्ये तुर्कांची पाळी आली. पहिल्यांदा कर्जालीच्या डोंगराळ भागात. बर्फात गावाला वेढा पडायचा, पोलीस आणि अधिकारी नावांची यादी घेऊन यायचे, त्यातलं एक बल्गेरियन नाव निवडायचं, सही करायची, नवं ओळखपत्र घ्यायचं. काही महिन्यांत आठ लाखांच्या घरात माणसांची नावं बदलली. मेलेल्यांचीही, म्हणजे आजोबा-पणजोबांची कागदपत्रांवरची नावं. काही ठिकाणी थडग्यांवरची अक्षरंसुद्धा. चारचौघांत तुर्की बोलल्यास दंड. सुंता बंद.

सरकारनं या मोहिमेला काय म्हटलं असेल? 'पुनरुत्थान प्रक्रिया'. पाइसी, गाब्रोव्होची शाळा, १८६० चा ईस्टर या सगळ्या काळाला इथे 'पुनरुत्थान' म्हणतात. 'व्हझराझ्दाने'. तोच पवित्र शब्द उचलला. सांगायचं असं की हे तुर्क मूळचे बल्गेरियनच, उस्मानींनी बाटवलेले, आम्ही त्यांना त्यांची खरी ओळख परत देतोय. रानवाट, म्हणून मला जोखडाची गोष्ट जपून सांगावीशी वाटते. ती खरी आहे, आणि तिचाच हत्यारासारखा वापर झाला.

२६ डिसेंबर १९८४ ला मोगिल्याने गावाजवळ लोकांनी निदर्शनं केली. गोळीबारात आईच्या हातातली दीड वर्षाची तुर्कान मारली गेली. आता तिथे तिच्या नावाचा चेश्मा आहे, शब्दवेडा, तोच तुमचा झरा. दर वर्षी २६ डिसेंबरला लोक जमतात.

१९८९ च्या मेमध्ये मोठी निदर्शनं उसळली. झिव्हकोव्हनं टीव्हीवर तुर्कस्तानला आवाहन केलं, सीमा उघडा. उन्हाळ्यात सुमारे साडेतीन लाख माणसं घरदार टाकून गेली. तंबाखूची पिकं शेतात उभी होती, तोडायला हात नव्हते. कागदोपत्री ते सारे पर्यटक, म्हणून लोक त्याला 'मोठी सहल' म्हणतात. काकूंचा भाऊ तेव्हा बुर्साला गेला तो तिकडचाच झाला. १० नोव्हेंबरला झिव्हकोव्ह सत्तेवरून गेला, आणि डिसेंबरच्या शेवटी नावं परत घेता येतील असं जाहीर झालं. ते ऐकून सोफियात विरोधाचे मोर्चेही निघाले, हेही लिहायला हवं. बल्गेरियन संसदेनं या सगळ्याचा निषेध करणारा ठराव केला २०१२ मध्ये.

---

काजवा

सुन्न झालो.

---

पैलतीर

मी जर्मनीत असतो. ऑफिसात एक सहकारी स्कोप्येचा, दुसरी सोफियाची. दोघं आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना नव्वद टक्के समजतं. पण 'भाषा एकच का?' असं मी एकदा भोळेपणानं विचारलं आणि दोघांचाही चेहरा उतरला. बल्गेरियानं २०२० मध्ये उत्तर मॅसेडोनियाची युरोपीय संघाची वाट अडवली ती याच मुद्द्यावर ना? धाग्यात यावर यायला हवं, कारण तुम्ही म्हणता तो नावाचा प्रश्न इथे उलटा होतो. १८७४ मध्ये ओह्रिदच्या लोकांनी बल्गेरियन पीठ निवडलं, आणि त्यांचीच पणतवंडं आज म्हणतात आम्ही बल्गेरियन नाही. मग खरं कोण?

---

शब्दवेडा

माझ्या मते दोघंही खरे. आणि हे कुणालाच पटत नाही. १८७४ चा कौल खरा होता. तिथल्या शाळांत एक्झार्खेटचे मास्तर शिकवत, तिथले क्रांतिकारक स्वतःला बल्गेरियन म्हणवत. गोत्से देलचेव्ह आज दोन्ही देशांचा राष्ट्रपुरुष आहे, आणि त्याच्यावरून दोन्ही देशांच्या इतिहास आयोगाचं घोडं अडतं. पण त्यानंतर मधे काय झालं पाहा. १९१२ च्या बाल्कन युद्धात बल्गेरियानं मोठा पराक्रम केला. मग लूट वाटताना भांडण, १९१३ मध्ये स्वतःच्याच मित्रांवर हल्ला आणि पराभव. मॅसेडोनियाचा बराच भाग सर्बिया आणि ग्रीसला. पहिल्या महायुद्धात पुन्हा त्याच भूमीसाठी जर्मनीच्या बाजूनं, पुन्हा पराभव, १९१९ चा न्यूयीचा तह. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. सान स्तेफानोचा नकाशा या देशाला तीन युद्धांत ओढून गेला. युद्धांच्या काळात स्कोप्येत बल्गेरियन अधिकारी आले, ते सगळ्यांनाच आपले वाटले असं नाही. १९४५ मध्ये युगोस्लाव्हियात मॅसेडोनियन भाषेची लिपी आणि प्रमाणरूप ठरलं. तीन पिढ्या त्या भाषेत शाळा शिकल्या, कविता लिहिल्या, अंगाई म्हटल्या. आता 'तुमची भाषा म्हणजे आमचीच बोली' असं त्यांना सांगणं म्हणजे ग्रीक बिशप बल्गेरियनांना जे सांगत होते तेच.

बल्गेरियाची दुसरी बाजूही आहे. १९४६ नंतर कम्युनिस्टांनी बल्गेरियातल्या पिरिन भागात लोकांना 'मॅसेडोनियन' अशी नोंद करायला लावली. १९५६ च्या जनगणनेत असे सुमारे १ लाख ८७ हजार. मग धोरण फिरलं आणि १९६५ मध्ये दहा हजारही उरले नाहीत. माणसं तीच होती. रकाना भरणारा बदलला.

---

गोकर्ण

@पैलतीर, १९९२ च्या जानेवारीत मॅसेडोनियाला देश म्हणून सगळ्यात आधी मान्यता दिली ती बल्गेरियानं. पण देशाला दिली, भाषेला नाही. २०२२ मध्ये अट घालून नकार मागे घेतला, की त्यांनी आपल्या घटनेत बल्गेरियन अल्पसंख्याकांचा उल्लेख करावा. ते अजून झालेलं नाही. आणि मेमध्ये दोन्ही देशांची शिष्टमंडळं रोमला जातात, सान क्लेमेन्ते चर्चमधल्या सिरिलच्या समाधीवर फुलं वाहायला. दोन वेगवेगळे समारंभ. संत एक, लिपी एक, समाधी एक.

---

चौकस

बल्गेरियानं ज्यूंना वाचवलं असं वाचलं होतं. ते खरं का?

---

गोकर्ण

@चौकस, खरं आहे, आणि अर्धं आहे. जर्मनीच्या बाजूनं असूनही बल्गेरियानं आपले सुमारे ४८ हजार ज्यू नागरिक मृत्युछावण्यांत पाठवले नाहीत. मार्च १९४३ मध्ये गाड्या तयार होत्या. संसदेचा उपसभापती दिमितर पेशेव्हनं ४२ खासदारांच्या सह्या घेऊन पंतप्रधानांना निषेधपत्र दिलं. त्याबद्दल त्याचं पद गेलं. प्लोव्हदिवचे बिशप किरिल आणि सोफियाचे स्तेफान उघडपणे उभे राहिले. सामान्य माणसंही. हा या लोकांचा फार मोठा सन्मान आहे.

पण तेव्हा बल्गेरियाच्या ताब्यात असलेल्या थ्रेस, मॅसेडोनिया आणि पिरोतमधले ११,३४३ ज्यू बल्गेरियन पोलिसांनीच गोळा करून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे रवाना केले. ते नागरिक नव्हते, त्यांना नागरिकत्व दिलंच नव्हतं. 'आपले' कोण, ही रेघ कागदावर ओढलेली होती. स्कोप्येची माणसं बल्गेरियाच्या या अभिमानाकडे तिरकस नजरेनं पाहतात ते यामुळे.

---

रानवाट

गोकर्ण, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं आधीचं मत थोडं मागे घेतो. जोखड विसरू नये हे कायम. पण 'पुनरुत्थान' शब्दाचा तो उपयोग मला माहीत नव्हता. रशियाबद्दलही लिहा ना. तिथे अजून रशियाप्रेम आहे म्हणतात.

---

गोकर्ण

@रानवाट, थोडक्यात लिहिते, कारण तो स्वतंत्र धागा होईल. संसदेसमोर झार अलेक्झांडर दुसरा घोड्यावर बसलेला आहे, 'मुक्तिदाता झार'. त्याला कुणी हात लावत नाही. सोव्हिएत सैन्याचं भलंमोठं स्मारक मात्र डिसेंबर २०२३ मध्ये उतरवायला घेतलं, तेव्हा बाजूनं आणि विरोधात दोन्हीकडे गर्दी होती. माझ्या ऑफिसात एकाच्या आजोबांना १९४४ नंतर छावणीत टाकलं होतं, तर त्याच्याच बायकोचे आजोबा शिपकाचं नाव घेतल्यावर उभे राहायचे. एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही. आणि १९६३ मध्ये झिव्हकोव्हच्या पक्षानं बल्गेरिया सोव्हिएत संघात विलीन करण्याच्या दिशेनं ठराव केला होता. ज्यांनी तुर्कांना बल्गेरियन व्हायची सक्ती केली, तेच बल्गेरियाचं नाव नकाशावरून काढायला निघाले होते.

---

निळी शाई

लोकसंख्या फार घटतेय म्हणे?

---

गोकर्ण

हो. १९८० च्या दशकाअखेर नव्वद लाखांच्या जवळ होते, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. तरुण मंडळी जर्मनी, स्पेन, इंग्लंडला. आमच्या इमारतीत तेरा घरं, चारांत दिवा लागत नाही. तुर्क आज आठ टक्क्यांच्या आसपास.

---

आजोबा_नाशिककर

बाळ, एक विचारतो. तुझ्या त्या शेजारीण काकूंनी नाव परत घेतलं का?

---

गोकर्ण

घेतलं आजोबा, १९९० मध्येच. दारावर आणि पत्रपेटीवर त्यांचं जन्मनाव आहे. पण १९८५ ते १९९० या काळात त्या तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या, आणि त्या पाच वर्षांच्या पगाराच्या नोंदी दुसऱ्या नावानं आहेत. पेन्शनसाठी त्यांना नगरपालिकेचा एक दाखला जोडावा लागला, 'खालील दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं लिहिलेला. काल चहाला गेले तेव्हा मी तुमचा प्रश्न त्यांना सांगितला. भारतातले एक आजोबा तुमच्या नावाबद्दल विचारतायत म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पाकिटातून तो दाखला घेऊन आल्या. दोन्ही नावं एकाखाली एक, शिक्का निळा. मी दाखल्याचा फोटो काढू का विचारलं, तर म्हणाल्या, 'फोटो नको. वरचं नाव वाचून दाखव त्यांना.' इथे लिहिता येत नाही, पण मी ते मोठ्यानं वाचलं.